धुवून आणलेली जीप

इंजिन उकळलं म्हणून बोंब मारत येणाऱ्या माणसाचं मला कधी टेन्शन आलं नाही. वाफ निघत असते, पाईप फुटलेला असतो, सगळं डोळ्यासमोर असतं. पाईप बदला, पाणी भरा, मोकळे व्हा. मला धास्ती असायची ती शांत गिऱ्हाइकाची. तो येतो, बाकावर बसतो, चहा पितो आणि जाता जाता सांगितल्यासारखं सांगतो, "मिस्त्री, बाकी काही नाही, रोज थोडं पाणी कमी होऊन राहिलं." झालं. त्या दिवसापासून माझं जेवणावरचं लक्ष उडायचं.

गोंदियात फुलचूर नाक्याच्या पुढं माझं गॅरेज होतं. आता खांदा वर जात नाही म्हणून बंद केलं. आमचं घर आमगावकडचं, पवारांचं, धानाच्या शेतीचं. मी नांगर सोडून पाने-हातोडी हातात धरली याचा राग वडिलांनी शेवटपर्यंत धरला. गावातल्या लोकांना ते सांगत, पोरगा गोंदियात लोकांच्या गाड्यांखाली झोपून राहतो. खोटं नव्हतं ते.

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. डिझेल इंजिनाच्या आत आग असते आणि त्या आगीभोवती पाणी फिरत असतं. पाणी गरम होतं, पुढच्या जाळीत म्हणजे रेडिएटरमध्ये येतं, वाऱ्यानं थंड होतं, परत आत जातं. हे पाणी फिरवणारा जो पंप असतो त्याला आम्ही वॉटर बॉडी म्हणतो. पाणी बंद डब्यातलं आहे, ते कमी व्हायला नको. कमी होतं म्हणजे कुठून तरी जातं. बाहेर सांडत असेल तर डाग पडतो. आत जात असेल तर एक तर धूर पांढरा होतो, नाहीतर ऑइल दुधासारखं होतं. यातलं काहीच दिसत नाही आणि पाणी तर रोज अर्धा लिटर जातं, तेव्हा मिस्त्रीची खरी परीक्षा असते.

आमच्या भागात या परीक्षेची एक सोपी कॉपी आहे. रेडिएटरमध्ये हळद टाकायची. चिमूटभर नाही, मूठभर. ती बारीक भोकात जाऊन बसते आणि गळती थांबते. एका राइस मिलवाल्या शेठनं आपल्या ट्रकमध्ये एवढी हळद टाकली होती की मी खालचा नळ सोडला तर पाणी येईना, पिवळा लगदा आला. मी विचारलं तर म्हणाले, "अरे भाई, घर की हल्दी है, शुद्ध है." त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता. मी दोन दिवस तो रेडिएटर गज घालून साफ करत बसलो.

मी स्वतः फार शिस्तीचा. गॅरेजच्या दारावर मी पेंटरकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलं होतं, इंजन धोकर लाएँ. त्यामागं कारण होतं. चिखल आणि ऑइलचा थर बसलेल्या इंजिनात गळती दिसत नाही. स्वच्छ इंजिनावर नवा थेंब लगेच उठून दिसतो. पुस्तकातही असंच सांगितलेलं असतं आणि ते बरोबरच आहे. पण मी ते शांतपणे सांगत नसे. घाण गाडी आली की मी चारचौघात बोलायचो. तबेल्यातून आणली का, असं म्हणायचो. लोक हसायचे आणि मला वाटायचं आपला वचक आहे.

साल दोन हजार दोन-तीनच्या सुमाराला देवानंद पहिल्यांदा आला तेव्हाही मी असंच बोललो होतो. अर्जुनी मोरगावच्या पुढच्या एका खेड्यातला हा माणूस. जुनी डिझेल जीप, तिसऱ्या हातातली, समोरच्या काचेवर निळ्या अक्षरात जयभीम. एरवी गावाच्या सवाऱ्या वाहायचा. पण जीप घेतली होती ती सवाऱ्यांसाठी नाही, बायकोसाठी. सुनंदावहिनींना सिकलसेल होता. आमच्याकडे हा रोग पुष्कळ घरांत आहे. रक्ताच्या पेशी वाकड्या होतात, कुठं तरी अडकतात आणि हाडं फोडल्यासारखी दुखतात. एकदा असं दुखणं उठलं तेव्हा रेल्वेची पॅसेंजर निघून गेली होती, दुसरी गाडी मिळेना, आणि गोंदियाला पोचेपर्यंत त्या शुद्धीवर नव्हत्या. त्यानंतर वहिनींनीच हट्ट धरला की दारात गाडी पाहिजे. जीप पसंत करायला त्या स्वतः गेल्या होत्या. देवानंद सांगायचा, मी रंग पाहून राहिलो होतो अन् ही टायर पाहून राहिली होती.

दर महिन्याला गोळ्या घ्यायला दोघं गोंदियाला येत आणि तेवढ्यात जीप माझ्याकडे दाखवत. पहिल्या खेपेला गाडी चिखलानं भरलेली होती. मी देवानंदला नेहमीचं ऐकवलं. वहिनी पुढच्या सीटवर बसून ऐकत होत्या. दुसऱ्या खेपेपासून मात्र जीप अशी यायची की बोनेट उघडल्यावर मला बरं वाटायचं. पाईप पुसलेले, बॅटरी पुसलेली, पंख्याच्या पट्ट्यामागं फडकं फिरवलेलं. मी दुसऱ्या गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायचो, पहा, खेड्यातून सत्तर-ऐंशी किलोमीटरवरून येते गाडी आणि कशी येते पहा.

आणि याच गाडीचं पाणी कमी होऊ लागलं.

पहिल्यांदा मी वॉटर बॉडीच पाहिली. तिच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. आतलं सील खराब झालं की पाणी त्या भोकातून बाहेर येतं आणि खाली डाग पडतो. मी बोट घालून पाहिलं, कोरडं. डाग नाही, ओघळ नाही. होज पाहिले, क्लिपा आवळल्या. रेडिएटरच्या जुन्या झाकणाला सायकलचा व्हॉल्व्ह आणि दाबाचा काटा बसवून मी एक जुगाड केलं होतं, ते लावून सायकलच्या पंपानं हवा भरली. काटा हलला नाही. मी सांगितलं, लक्ष ठेव, काही नाही.

पुढच्या महिन्यात देवानंदनं सांगितलं, नवेगावच्या जंगलात गाडी तापली. वहिनी मागं आडव्या पडलेल्या, दुखणं सुरू झालेलं, आणि हा तळ्यावरून पत्र्याच्या डबकीनं पाणी आणून ओतत होता. सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता, स्वतःच्या चपलांकडे पाहत होता. मला रागावला असता तर बरं झालं असतं.

बाहेर गळत नाही म्हणजे आत जातं, असा मी हिशेब केला. वहिनी त्या वेळी दवाखान्यात भरती होत्या, म्हणून जीप दोन दिवस मोकळी मिळाली. मी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, खोललं. त्याच्या खालचं गॅस्केट नवं टाकलं, हेडला लेथवर घासून घेतलं, सगळं बसवलं. जुनं गॅस्केट उन्हात धरून पाहिलं तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. त्यात काही खोट नव्हती. पण मी देवानंदला ते बोललो नाही. खोललं ते बरंच झालं, असं म्हणालो.

पंधरा दिवसांनी त्याचा एसटीडी बूथवरून फोन आला. पाणी जातंच आहे. मी जीप बोलावली, रेडिएटर साफ केला आणि या वेळी साधं पाणी न भरता हिरवं कूलंट भरलं. वरून भरायलाही तेच वापर म्हणून एक कॅन दिला. हिरवं कुठंही सांडलं तर डाग सोडणारच. पुढच्या खेपेला जीप आली. बोनेट उघडलं. हिरव्याचा टिपूस नाही. कॅन मात्र अर्धा रिकामा.

डिसेंबर लागला होता. थंडीत वहिनींचं दुखणं वाढायचं. देवानंद मला प्रत्येक वेळी सांगायचा, तिला थंडी चालत नाही, गार पाणी तर अजिबात नाही, डॉक्टरनं बजावलं आहे, म्हणून मी आंघोळीचं पाणी स्वतः तापवून देतो. मी हूं हूं करायचो आणि डोकं बोनेटमध्ये ठेवायचो. रस्त्यावर दूरवर जीपसारखं काही दिसलं तरी मी हातातलं काम टाकून दारात येऊन उभा राहायचो. ही बाई माझ्या हातच्या गाडीत जंगलात मरणार, असं मला वाटू लागलं होतं. बायकोशी बोलताना मी ते बोलूनही गेलो. ती म्हणाली, मग इथं बसून काय करता, तिकडं जाऊन पहा.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्याकडे जीप नेहमी ऐंशी किलोमीटर पळून, तापून येत होती. तापलं की रबर फुगतं, लोखंड फुगतं, बारीक फट बंद होते. मी प्रत्येक वेळी गरम इंजिन तपासत होतो. थंड इंजिन, रात्रभर उभं राहिलेलं, पहाटेचं, मी एकदाही पाहिलं नव्हतं. हेड खोललं तेव्हा जीप रात्री माझ्याकडे होती, पण तेव्हा पाणी आधीच काढून टाकलेलं होतं. इतक्या वर्षांच्या मिस्त्रीला हे कळायला तीन महिने लागले.

संध्याकाळच्या पॅसेंजरनं मी गेलो. पिशवीत वॉटर बॉडीचं कीट, दोन होज, क्लिपा, पॅकिंगचा कागद घेतला. देवानंद स्टेशनवर घ्यायला आला. रात्री वहिनींनी भात, लाखोळीची डाळ आणि तलावातली मासोळी वाढली. मी जीपच्या खाली पोतं पसरून ठेवलं आणि दोघांना सांगितलं की सकाळी मी पाहीपर्यंत गाडी सुरू करायची नाही. सुरू करायची नाही, एवढंच सांगितलं.

उजाडता उजाडता उठलो. तोंडातून वाफ निघत होती. देवानंद दूध आणायला गेला होता. अंगणात आलो तर जीपचं बोनेट उघडं, आणि वहिनी बाजूला ठेवलेल्या बादलीत फडकं पिळत होत्या. रात्रभर उघड्यावर राहिलेल्या ड्रमातलं पाणी होतं ते. हात कोपरापर्यंत ओले. इंजिन पुसून झालं होतं, खाली टाकलेलं पोतं त्यांनी धुऊन कुंपणावर वाळत घातलं होतं. मला पाहून म्हणाल्या, "झालंच भाऊ. तुमाले घाण गाडी नाही चालत न."

मी बोलणार होतो, पण माझी नजर त्या फडक्यावर गेली. फडकं हिरवं होतं.

कुठं पुसलं, मी विचारलं. त्यांनी वॉटर बॉडीखालचं ते भोक दाखवलं. रोजच येते इथं हिरवं, म्हणाल्या. तुम्हीच औषध टाकलं, ते उतू जात असंल म्हटलं. आधी साधं पाणी यायचं, आता हिरवं येते. रोज सकाळी पाणी कोण भरतं, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, मीच. हे सवाऱ्या बोलवाले जातेत. पाणी मी भरते, ऑइल मी पाहते.

तीन महिने मी देवानंदला विचारत होतो. डाग दिसला का, ओघळ दिसला का. तो खरं सांगत होता, दिसला नाही. ज्यांना रोज दिसत होता त्या पुढच्या सीटवर बसून असायच्या आणि त्यांना मी चहा घेता का, एवढंच विचारलं होतं.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. सांगायला लाज वाटते, पण मी आनंदानं त्यांच्या हातातलं फडकं घेऊन उजेडात धरून पाहत राहिलो. बादलीतून हात बाहेर काढा, शेकोटीजवळ बसा, हे मला सुचलं नाही. मला सगळं माहीत होतं, गार पाण्याचं. देवानंदनं शंभरदा सांगितलं होतं. मी म्हणालो, वहिनी, पान्याची पिशवी द्या जरा.

देवानंद आला तेव्हा मी पट्टा काढून वॉटर बॉडी उतरवली होती. कूलंट सगळं घमेल्यात काढलं होतं. तोही हसला, कितीतरी दिवसांनी. मी ओट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून वॉटर बॉडीचा दांडा ठोकून काढला. जुनं सील हातात आलं, एका बाजूनं झिजलेलं. तेवढ्यात आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

वहिनी चुलीजवळ बसल्या होत्या, दोन्ही हात पोटाशी धरून. आधी हात, मग पाठ, मग मांड्या. देवानंदनं त्यांना उचलून खाटेवर टाकलं, गोळी दिली, गोधड्या घातल्या. बाहेर येऊन त्यानं जीपकडे पाहिलं. पंख्यामागं भोक पडल्यासारखी दिसत होती ती. तो मला म्हणाला, "मिस्त्री, किती वेळ?"

दीड तास, मी म्हणालो. तो दुसरी गाडी पाहायला धावत गेला. गावात दुसरी गाडी नव्हती हे त्याला आणि मला दोघांनाही माहीत होतं. तरी तो गेला. त्याला त्या खाटेजवळ उभं राहवत नव्हतं.

आता ते काम ऐका. गॅरेजमध्ये सील दाबून बसवायला माझ्याकडे प्रेस होता. तिथं हातोडी होती. सीलच्या तोंडाशी कोळशासारखी एक रिंग असते, एक घाव तिरपा पडला की चिरते. आणि सील मी एकच आणलं होतं. आतून वहिनींचा आवाज येत होता. ओरडणं नव्हतं, दात दाबून कण्हणं होतं. प्रत्येक कण्हण्याला माझा हात थांबायचा. मी एक पाना सीलवर आडवा ठेवला आणि सुतासुतानं ठोकत गेलो. एवढ्या थंडीत माझ्या नाकावरून घाम खाली पडत होता. मला वाटलं, ही रिंग आत्ता चिरली तर मी या गावातून पळून जाईन. खरंच वाटलं.

चिरली नाही. पॅकिंग कात्रीनं कापलं, गोंद लावला. गोंद वाळायला अर्धा दिवस द्यावा लागतो हे मी गिऱ्हाइकांना किती वेळा बजावलं असेल. तिथं पाच मिनिटंही दिली नाहीत. बोल्ट आवळले, पट्टा चढवला, घमेल्यातलं कूलंट गाळून परत ओतलं. देवानंद रिकाम्या हातानं परत आला होता. त्यानं वहिनींना मागच्या सीटवर मांडीवर घेतलं आणि जीप मी चालवली.

नवेगावचं जंगल लागलं तेव्हा माझा एक डोळा रस्त्यावर आणि एक तापमानाच्या काट्यावर होता. काटा अर्ध्यावर आला की मी ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल करायचो. मी म्हणालो, एकदा थांबून पाहतो. मागून वहिनी म्हणाल्या, "थांबू नका भाऊ." मी थांबलो नाही. जंगल संपल्यावर कोहमाऱ्याला मात्र थांबलोच. बोनेट उघडून भोकाखाली बोट लावलं. कोरडं. आयुष्यात इतकं कोरडं मी कधी काही पाहिलं नाही. गोंदियाच्या अलीकडच्या गोरेगावपर्यंत मी ते बोट अंगठ्यावर घासत होतो.

दवाखान्यात सलाइन लागलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं. डॉक्टरबाई तरुण होत्या, पण नीट विचारणाऱ्या. ताप होता का, उलटी झाली का, पाणी कमी प्यायल्या का. मग म्हणाल्या, थंडीत काम केलं का, गार पाण्यात हात घातले का. देवानंद म्हणाला, नाही, पाणी मी तापवून देतो. डॉक्टरबाईंनी वहिनींना विचारलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही जी.

मी दारात उभा होतो. मला वाटलं, ही बाई मला वाचवून राहिली. पाहुणा आहे, मिस्त्री आहे, त्याच्या बोलण्यापायी हे झालं असं नवऱ्याला कळू नये म्हणून. मला भरून आलं, आणि खरं सांगतो, बरंही वाटलं. मी गप्प राहिलो.

पण कारण नाही म्हटल्यावर डॉक्टरबाई कारण शोधू लागल्या. मलेरिया पाहायला रक्त, छातीचा फोटो, आणखी कुठं काही मुरलं आहे का म्हणून पुन्हा रक्त. सिस्टरला शीर सापडेना. एका हातावर दोनदा टोचलं, दुसऱ्या हातावर एकदा. वहिनींनी पदर तोंडात धरला होता. मी दोन महिन्यांआधी असंच हेड खोललं होतं. ते लोखंडाचं होतं.

सिस्टरनं चौथ्यांदा सुई उचलली तेव्हा मी आत गेलो. म्हणालो, "डॉक्टरबाई, सकाळी यांनी गार पाण्यानं गाडी धुतली. रोज धुतात. मी धुवायला सांगतो म्हणून."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. डॉक्टरबाईंनी सिस्टरला थांबवलं. देवानंदनं वहिनींकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं आता वहिनी निदान एक सुस्कारा सोडतील. त्यांनी पदर तोंडातून काढला. इतक्या रागानं माझ्याकडे आजवर कोणत्या गिऱ्हाइकानं पाहिलेलं नाही.

"काऊन सांगतलं भाऊ?" त्या म्हणाल्या. "आता हे मले गाडीले हात लावू देत नाही."

आणि त्यानं लावू दिला नाही. पुढच्या महिन्यात जीप आली, चाकांपासून बोनेटपर्यंत चिखलानं भरलेली. वॉटर बॉडीखालचा चिखलही वाळलेला होता, पाणी एक थेंब कमी झालं नव्हतं. देवानंदनं माझा हात हातात घेतला, दोनदा दाबला. सुनंदावहिनी बाकावर बसल्या. मी चहा मागवला. इंजिनाचा आवाज कसा वाटतो, ऑइल किती दिवसांत कमी होतं, असं सगळं मी या वेळी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, यांना विचारा, मले काय माहीत.